सेल्सफोर्सचा मेटाडेटा कमांड लाइनवरून तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्सफोर्स म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी सांभाळणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर. त्यावर रोज काम करणाऱ्या ॲडमिन आणि डेव्हलपर मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कमांड आणि फील्डची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

डेटा आणि मेटाडेटा यांतला फरक नेमका कुठे पडतो?

ग्राहकाचं नाव, सौद्याची रक्कम, तक्रारीची तारीख हा डेटा. रक्कम ठेवायला एक फील्ड आहे, ते चलनाच्या प्रकाराचं आहे, भरल्याशिवाय रेकॉर्ड सेव्ह होत नाही आणि ठरावीक लोकांनाच ते दिसतं, हा मेटाडेटा.

सेल्सफोर्समध्ये हा फरक फार खोलवर जातो. कंपनीने आपल्या रचनेचं जे वर्णन प्रसिद्ध केलं आहे त्यानुसार, तुम्ही नवं ऑब्जेक्ट (एका प्रकारच्या नोंदींचा साचा) बनवलंत म्हणून डेटाबेसमध्ये नवं टेबल तयार होत नाही. अनेक ग्राहक कंपन्यांची रेकॉर्ड एकाच भल्यामोठ्या टेबलात, व्हॅल्यू० पासून व्हॅल्यू५०० अशा नावांच्या कॉलमांत पडलेली असतात. कोणाच्या कोणत्या फील्डसाठी कोणता कॉलम, त्यातला मजकूर तारीख समजायचा की आकडा, हे सगळं मेटाडेटा ठरवतो. म्हणूनच तो वाचता येणं हे या प्लॅटफॉर्मवरचं मूलभूत कौशल्य आहे असं मी मानतो.

एका ठिकाणी भलेभले चकतात. कस्टम मेटाडेटा टाइपमधली रेकॉर्डसुद्धा मेटाडेटा असतात, त्यामुळे ती फाइल बनून एका ऑर्गमधून (कंपनीच्या सेल्सफोर्सच्या एका स्वतंत्र जागेतून) दुसऱ्या ऑर्गमध्ये जातात. कस्टम सेटिंगची व्याख्या मेटाडेटा असते, पण तिच्यात भरलेली मूल्यं हा डेटा असतो. डिप्लॉय केल्यावर (मेटाडेटा दुसऱ्या ऑर्गमध्ये बसवल्यावर) सेटिंग रिकामी का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

सेटअपचा स्क्रीन असताना टर्मिनल कशाला उघडायचं?

एकच फील्ड पाहायचं असेल तर उघडू नका. ऑब्जेक्ट मॅनेजर पुरेसा आहे. पण 'वर्णन न लिहिलेली कस्टम फील्ड किती?' किंवा 'गेल्या आठवड्यात कोणकोणत्या व्हॅलिडेशन रूलला (चुकीची नोंद अडवणाऱ्या नियमाला) हात लागला?' असा प्रश्न आला की स्क्रीनवर एकेक पान उघडत बसावं लागतं. टर्मिनलवर तो एका ओळीचा प्रश्न असतो, आणि ती ओळ जपून ठेवली की पुढच्या महिन्यात तशीच परत चालवता येते.

एसएफडीएक्स वापरायचं की एसएफ?

एसएफ. एसएफडीएक्स ही २०१७ साली आलेल्या सेल्सफोर्स डीएक्सच्या सोबतची जुनी कमांड. जुलै २०२३ मध्ये सेल्सफोर्स सीएलआयची (टर्मिनलवरून सेल्सफोर्स चालवण्याच्या साधनाची) दुसरी आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून एसएफ हीच मुख्य कमांड आहे. जुन्या लेखांत 'फोर्स' आणि मग कोलन (:) अशा धाटणीच्या कमांड दिसल्या तर त्या जशाच्या तशा उतरवू नका, आधी नवं रूप शोधा.

लॉगिन कसं करायचं? पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनला (रोजच्या खऱ्या कामाच्या ऑर्गला) जोडावं का?

एसएफ ऑर्ग लॉगिन वेब --अलायस सराव

ही कमांड दिली की ब्राउझर उघडतो, तिथे नेहमीसारखं लॉगिन करायचं. सँडबॉक्ससाठी (सरावाच्या नक्कल-ऑर्गसाठी) --इन्स्टन्स-यूआरएल हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) लावून टेस्टचा पत्ता द्या, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. अलायस (ऑर्गचं टोपणनाव) द्यायला कंटाळू नका, आणि प्रॉडक्शनचं अलायस असं ठेवा की वाचताक्षणी हात थांबावा. एसएफ ऑर्ग लिस्ट दिलं की जोडलेल्या सगळ्या ऑर्ग दिसतात.

पहिले काही दिवस सँडबॉक्सवरच सराव करा. आणि डिफॉल्ट ऑर्ग म्हणून प्रॉडक्शन कधीही ठेवू नका. प्रत्येक कमांडला --टार्गेट-ऑर्ग लिहायला दोन सेकंद जास्त लागतात, ते लागू द्या.

सुरुवात कोणत्या कमांडपासून करू?

एसएफ ऑर्ग लिस्ट मेटाडेटा-टाइप्स

तुमच्या ऑर्गमध्ये मेटाडेटाचे कोणते प्रकार आहेत त्यांची ही अनुक्रमणिका. ती लांबलचक असते. एकदा नजर टाका आणि सोडून द्या. खरी कामाची पुढची:

एसएफ ऑर्ग लिस्ट मेटाडेटा --मेटाडेटा-टाइप कस्टमऑब्जेक्ट

यात प्रत्येक घटकाचं पूर्ण नाव, आयडी, कोणी बनवला, शेवटचा बदल कोणी आणि कधी केला, आणि तो एखाद्या इन्स्टॉल केलेल्या पॅकेजमधून आला असेल तर त्याचा नेमस्पेस (त्या पॅकेजची ओळख सांगणारं नाव) मिळतो. दुसऱ्याने उभारलेली ऑर्ग माझ्या हाती आली की मी सर्वात आधी हीच यादी काढतो आणि नेमस्पेसनुसार वेगळी करतो. आपल्या लोकांनी बनवलेलं काय आणि पॅकेजसोबत आलेलं काय, हे कळल्याशिवाय पुढचं वाचन भरकटतं.

फील्ड आहे हे मला पक्कं माहीत आहे, पण डिस्क्राइबमध्ये ते दिसत नाही. का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

एसएफ एसऑब्जेक्ट डिस्क्राइब --एसऑब्जेक्ट अकाउंट

या कमांडचं उत्तर 'ऑब्जेक्टमध्ये काय आहे' याचं नसतं. 'लॉगिन केलेल्या या वापरकर्त्याला त्यातलं काय दिसतं' याचं असतं. फील्ड-लेव्हल सिक्युरिटीने (कोणतं फील्ड कोणाला दिसावं हे ठरवणाऱ्या परवानग्यांनी) एखादं फील्ड तुमच्यासाठी बंद केलेलं असेल, तर डिस्क्राइबच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. एसओक्यूएल (सेल्सफोर्सची डेटा विचारण्याची भाषा) क्वेरीही तेच करते: 'तुम्हाला परवानगी नाही' असं न सांगता 'असा कॉलम नाही' म्हणून मोकळी होते.

मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. एका प्रकल्पात अकाउंटवर 'विभाग' नावाचं नवं फील्ड डिप्लॉय केलं. टर्मिनलने यशस्वी म्हणून सांगितलं. क्वेरी चालवली तर असा कॉलम नाही. डिस्क्राइब केलं, तिथेही नाही. डिप्लॉयच फसलं असं समजून मी तेच फील्ड पुन्हा पाठवलं, पुन्हा यश, पुन्हा क्वेरीत नाही. मी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर होतो, त्यामुळे परवानगीची शंकाच आली नाही. शेवटी मेटाडेटाच्या यादीत पाहिलं तर फील्ड जागच्या जागी होतं.

कारण असं: सेटअपच्या स्क्रीनवरून फील्ड बनवताना कोणत्या प्रोफाइलला (वापरकर्त्यांच्या परवानग्यांच्या मूळ संचाला) ते दाखवायचं हे मधल्या पायरीवर विचारलं जातं. मेटाडेटा एपीआयमधून (मेटाडेटाच्या फाइली नेण्या-आणण्याच्या प्रोग्रामी दारातून) नुसती फील्डची फाइल पाठवली तर ही पायरी येतच नाही. फील्ड तयार होतं आणि कोणालाही दिसत नाही, ॲडमिनलासुद्धा. सोबत परमिशन सेट (प्रोफाइलवर वाढीव परवानग्या देणारा संच) पाठवला असता तर ती दुपार वाचली असती.

तेव्हापासून मी तीन खिडक्या वेगळ्या समजतो. डिस्क्राइब वापरकर्त्याच्या नजरेतून पाहतं. लिस्ट मेटाडेटा आणि रिट्रीव्ह (मेटाडेटाच्या फाइली ऑर्गमधून आपल्याकडे उतरवणं) ऑर्गची व्याख्या दाखवतात, तिथे फील्ड-लेव्हल सिक्युरिटी आड येत नाही. टूलिंग एपीआय त्याच व्याख्येला क्वेरीच्या भाषेत प्रश्न विचारू देतो. दोन खिडक्यांतून दोन वेगळी उत्तरं आली तर घाबरू नका. तो फरकच तुम्हाला दोष कुठे आहे ते दाखवतो.

डिस्क्राइबमध्ये फील्डचं वर्णन का येत नाही?

ते त्यात नसतंच. वापरकर्त्याला दिसणारा मदतीचा मजकूर डिस्क्राइबमध्ये येतो, फॉर्म्युलाही येतो, पण ॲडमिनने लिहिलेलं डिस्क्रिप्शन येत नाही. त्यासाठी फील्डडेफिनिशनला क्वेरी करा, किंवा फील्डची फाइल रिट्रीव्ह करून उघडा. फील्डडेफिनिशनला क्वेरी करताना कोणत्या ऑब्जेक्टची फील्ड हवीत ते व्हेअरमध्ये सांगावंच लागतं. सगळ्या ऑर्गची एकदम मागितली तर ती नकार देते.

रिट्रीव्हमध्ये तारांकन टाकूनही सगळं का येत नाही?

तारांकनाचा अर्थ 'सगळं' असा घेतला की फसगत होते. कस्टमऑब्जेक्टला तारांकन दिलं तर कस्टम ऑब्जेक्ट येतात. अकाउंट, कॉन्टॅक्ट, केस यांसारखी स्टँडर्ड (सेल्सफोर्ससोबत तयार येणारी) ऑब्जेक्ट नाव घेऊन मागावी लागतात. रिपोर्ट, डॅशबोर्ड आणि ईमेल टेम्प्लेट फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे आधी फोल्डरांची यादी आणि मग --फोल्डर लावून प्रत्येकातल्या घटकांची यादी, असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. स्टँडर्ड व्हॅल्यू सेट, म्हणजे इंडस्ट्री किंवा लीड सोर्ससारख्या तयार पिकलिस्ट (निवडायच्या पर्यायांच्या याद्या), तारांकनालाही दाद देत नाहीत आणि यादीतही येत नाहीत. त्यांची नावं दस्तऐवजात पाहून लिहायची.

आणखी एक बारीक गोष्ट. टर्मिनलवर तारांकन नेहमी अवतरण चिन्हांत लिहा, कारण शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा स्वतःचाच अर्थ लावून समोरच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं तिथे घालू शकतं.

प्रोफाइल रिट्रीव्ह केलं तर अर्धवट फाइल आली. काही बिघडलंय का?

नाही. प्रोफाइलच्या फाइलमध्ये काय येणार हे त्याच वेळी तुम्ही आणखी काय मागितलं यावर ठरतं. एकटं प्रोफाइल मागितलं तर त्यात फील्डच्या परवानग्या जवळजवळ नसतातच. सोबत अकाउंट ऑब्जेक्ट मागा, अकाउंटच्या परवानग्या त्यात उमटतात. म्हणून दोन दिवशी घेतलेल्या दोन प्रोफाइल फाइली शेजारी ठेवून 'परवानग्या गायब झाल्या' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. मागणी सारखी नसेल तर ती तुलनाच होत नाही. नावाचाही गोंधळ असतो: स्क्रीनवर ज्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात त्याची फाइल नुसती 'ॲडमिन' या नावाने येते.

परवानगी तपासायचीच असेल तर मी फाइलींच्या नादी लागत नाही, थेट फील्डपरमिशन्सला क्वेरी करतो. ऑब्जेक्ट आणि फील्डचं नाव दिलं की ते कोणाला वाचता येतं आणि कोणाला बदलता येतं याच्या ओळी मिळतात. प्रत्येक प्रोफाइलमागे प्लॅटफॉर्मने एक परमिशन सेट दडवून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रोफाइल आणि परमिशन सेट दोन्ही एकाच उत्तरात येतात. इज-ओन्ड-बाय-प्रोफाइल या खुणेवरून ते वेगळे ओळखायचे. ज्याला वाचायचीही परवानगी नाही त्याची ओळच नसते. वरच्या गोष्टीतल्या 'विभाग' फील्डसाठी ही क्वेरी चालवली असती तर शून्य ओळी आल्या असत्या आणि उत्तर तिथेच मिळालं असतं.

टूलिंग एपीआय कधी वापरायचा?

फाइल नको, नेमकं उत्तर हवं असेल तेव्हा. एसएफ डेटा क्वेरी ही नेहमीचीच कमांड, तिला --यूज-टूलिंग-एपीआय हा फ्लॅग जोडायचा. मग फ्लो (आपोआप चालणाऱ्या पायऱ्या), एपेक्सक्लास (एपेक्स म्हणजे सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा), व्हॅलिडेशनरूल, कस्टमफील्ड ही सगळी टेबलं असल्यासारखी वाचता येतात. उदाहरणार्थ, फ्लोमधून मास्टरलेबल, व्हर्जननंबर आणि स्टेटस मागवलं की कोणत्या फ्लोची कोणती आवृत्ती चालू आहे आणि किती जुन्या आवृत्त्या पडून आहेत ते दिसतं.

एक अट मात्र पाठच करून ठेवा: मेटाडेटा किंवा फुलनेम हे कॉलम मागितलेत तर क्वेरीचं उत्तर एकाच ओळीचं असावं लागतं. शंभर व्हॅलिडेशन रूलची सूत्रं हवी असतील तर आधी शंभर आयडी घ्या आणि मग एकेक आयडी देऊन क्वेरी फिरवा. संथ आहे, पण चालतं. फारच संख्या असेल तर सरळ रिट्रीव्ह करून फाइलींत शोधा.

हे फील्ड कुठे कुठे वापरलं आहे, ते कसं शोधू?

दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही वापरतो.

पहिला, टूलिंग एपीआयमधलं मेटाडेटाकंपोनंटडिपेंडन्सी. आधी कस्टमफील्डमधून फील्डचा आयडी काढा. तिथे डेव्हलपरनेम लिहिताना शेवटचे दोन अंडरस्कोर आणि सी लावायचे नाहीत. लावले की उत्तर रिकामं येतं आणि फील्डच नाही असं वाटतं. मग तो आयडी देऊन त्यावर अवलंबून असलेले घटक मागवा. एका क्वेरीत जास्तीत जास्त २,००० ओळी मिळतात.

दुसरा, सगळा सोर्स रिट्रीव्ह करून ग्रेपने (फाइलींत मजकूर शोधणाऱ्या कमांडने) फील्डचं एपीआय नाव शोधणं. हा आडदांड मार्ग वाटेल, पण पहिल्यातून जे निसटतं ते इथे पकडलं जातं. एपेक्समध्ये कोणी फील्डचं नाव नुसत्या स्ट्रिंगमध्ये लिहून त्यावर क्वेरी बांधली असेल, तर डिपेंडन्सीच्या यादीत ते येणार नाही. ग्रेपला मात्र ती अक्षरं दिसतात.

फील्ड पुसायचं ठरलंच तर हेही माहीत असू द्या: पुसलेलं कस्टम फील्ड १५ दिवस परत आणता येतं. आधीची तपासणी मात्र त्या मुदतीच्या भरवशावर टाळू नका, कारण तोवर लोकांची कामं अडलेली असतात.

हा बदल कोणी केला ते कळेल का?

लिस्ट मेटाडेटामधला शेवटच्या बदलाचा रकाना हे पहिलं ठिकाण. त्यात शेवटचाच बदल दिसतो, आणि काही प्रकारांत तर तारीख १ जानेवारी १९७० अशी येते. ती तारीख खरी नव्हे. संगणकाच्या काळमोजणीचा तो शून्य आहे, म्हणजे तिथे नोंदच ठेवलेली नाही.

इतिहास हवा असेल तर सेटअपऑडिटट्रेलला क्वेरी करा: कोणी, कधी, सेटअपच्या कोणत्या भागात काय केलं. ही नोंद १८० दिवसांची असते. म्हणून मी ती दर महिन्याला फाइलमध्ये काढून ठेवण्याचा आग्रह धरतो. सात महिन्यांपूर्वीचा बदल कोणी केला हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि तेव्हा ऑर्गकडे उत्तर उरलेलं नसतं.

आउटपुट खूप मोठं येतं. त्यातून हवं ते कसं काढायचं?

कमांडच्या शेवटी --जेसन लावा (जेसन म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशी मजकुराची मांडणी) आणि उत्तर जेक्यूकडे, म्हणजे जेसनमधून हवं ते उचलणाऱ्या साधनाकडे, पाठवा. एसएफचं जेसन ठरावीक साच्याचं असतं: वर स्टेटस, खाली रिझल्ट. स्टेटस शून्य म्हणजे कमांड नीट चालली. रिझल्टमधून फुलनेम तेवढं उचलायचं, क्रमाने लावायचं, फाइलमध्ये टाकायचं. एवढं जमलं की निम्मी कामं होतात. स्क्रीनवर सुबक दिसणाऱ्या टेबलावर स्क्रिप्ट बांधू नका. ती मांडणी माणसांसाठी असते आणि नव्या आवृत्तीत बदलू शकते.

एररमध्ये नुसता आयडी येतो. त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. आयडीची पहिली ३ अक्षरं घटकाचा प्रकार सांगतात. ००१ म्हणजे अकाउंट, ००३ कॉन्टॅक्ट, ००५ वापरकर्ता, ००६ ऑपॉर्च्युनिटी. मेटाडेटाच्या बाजूला शून्य-एक-पी म्हणजे एपेक्स क्लास, शून्य-शून्य-एन म्हणजे कस्टम फील्ड, शून्य-पी-एस म्हणजे परमिशन सेट. आयडी १५ अक्षरांचाही असतो आणि १८ चाही. पंधराच्या आयडीत लहान-मोठं अक्षर वेगळं मानलं जातं, त्यामुळे तो स्प्रेडशीटमध्ये जुळवताना दोन वेगळी रेकॉर्ड एकच ठरू शकतात. १८ चा आयडी वापरा.

एकदम सगळी ऑर्ग उतरवता येते का?

छोटी असेल तर येते. एका रिट्रीव्हला साधारणपणे १०,००० फाइली आणि ३९ एमबीच्या झिपची मर्यादा आहे. मोठ्या ऑर्गसाठी मागणीचे तुकडे करा: एकदा ऑब्जेक्ट, एकदा एपेक्स, एकदा फ्लो. मागणीची फाइल (काय काय हवं त्याची यादी) हाताने लिहायची गरज नाही, एसएफ प्रोजेक्ट जनरेट मॅनिफेस्ट --फ्रॉम-ऑर्ग ती ऑर्गकडे पाहून तयार करून देते.

सँडबॉक्स आणि प्रॉडक्शन यांची तुलना करताना नसलेले फरक का दिसतात?

सेल्सफोर्सच्या वर्षाला ३ मोठ्या आवृत्त्या येतात: स्प्रिंग, समर, विंटर. प्रिव्ह्यूमधल्या सँडबॉक्सना नवी आवृत्ती प्रॉडक्शनच्या काही आठवडे आधी मिळते. त्या काळात दोन्हीकडून घेतलेल्या फाइलींत नवे टॅग, वेगळे रकाने दिसतात आणि कोणीतरी बदल केला असं वाटतं. दोन्हीकडून घेताना एपीआय आवृत्ती एकच, दोन्ही ऑर्गना चालणारी ठेवा. मग फाइली गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकून फरक पाहा. आता जे दिसेल ते बहुतांशी माणसांनी केलेलं असेल.

विंडोजवर क्वेरी चालत नाही, मॅकवर चालते.

अवतरण चिन्हं पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला बाहेरची एकेरी अवतरणं समजत नाहीत. पूर्ण क्वेरी दुहेरी अवतरणांत आणि आतलं मूल्य एकेरी अवतरणांत, ही सवय सगळीकडे चालते.

मेटाडेटा वाचायला कोणती परवानगी लागते?

एपीआय वापरण्याची परवानगी तर हवीच. मेटाडेटा एपीआयमधून रिट्रीव्ह करायला 'मॉडिफाय मेटाडेटा थ्रू मेटाडेटा एपीआय फंक्शन्स' किंवा 'मॉडिफाय ऑल डेटा' लागते. म्हणजे नुसतं वाचणाऱ्यालाही बदलण्याची ताकद द्यावी लागते, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. म्हणून अशी परवानगी मोजक्याच लोकांना द्या आणि दोघांत पहिलीच निवडा. दुसरीमुळे सगळा डेटाही उघडा पडतो.

याच कारणाने टोकन (लॉगिन झाल्यावर मिळणारी गुप्त किल्ली) जपा. एसएफ ऑर्ग डिस्प्ले --व्हर्बोज दिलं की लॉगिनचा एक गुप्त पत्ता स्क्रीनवर येऊ शकतो, आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत जाता येतं. मदत मागताना या कमांडचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका. चुकून पाठवलाच तर सेटअपमध्ये जाऊन ते सत्र आणि त्या कनेक्टेड ॲपचा (ऑर्गला जोडलेल्या सीएलआयचा) प्रवेश लगेच रद्द करा.

नुसतं पाहताना चुकून काही बदलू शकतं का?

ऑर्गमध्ये नाही. लिस्ट, डिस्क्राइब, क्वेरी आणि रिट्रीव्ह या चारही वाचणाऱ्याच कमांड आहेत. तुमच्या स्वतःच्या संगणकावर मात्र बदलू शकतं: रिट्रीव्ह ऑर्गमधली फाइल आणून तुमच्या फाइलवर ठेवते. सोर्स ट्रॅकिंग (दोन्हीकडच्या बदलांवर लक्ष ठेवणारी सोय) चालू असलेल्या सँडबॉक्सवर आधी इशारा मिळतो. प्रॉडक्शनला ट्रॅकिंगच नसतं, त्यामुळे तिथून रिट्रीव्ह केलं तर सकाळपासूनचं न जपलेलं काम न विचारता पुसलं जातं. रिट्रीव्हच्या आधी गिट स्टेटस पाहा, काही उरलं असेल तर कमिट करा, मगच एंटर दाबा.